फिरोजाच्या पेशी

१

“माझी पोर खोटारडी व्हती काय, बाई? एवढंच मला सांगा. बाकी काय नको.”

यूनुसभाई माझ्या ओट्याच्या पायरीवर उभे होते. आत या, बसा, चहा घ्या, सगळं म्हणून झालं. माणूस जागचा हलेना. आगरदांड्याहून रिक्षा बदलत बदलत रेवदंड्याला आलेला, सत्तरीला टेकलेला माणूस. उमेदीची वर्षं कुवेतमध्ये गेली. तिथे असतानाच इकडे भाताच्या शेतात बायकोला फुरसं चावलं. इंजेक्शनं दिली, तरी रक्त थांबलं नाही. मागे राहिली एकुलती फिरोजा, आणि तीही गेल्या भाद्रपदात साळावच्या पुलाजवळ ट्रकखाली गेली.

फिरोजा माझी विद्यार्थिनी. मी मुंबईत न्यायवैद्यक प्रयोगशाळेत होते, तेव्हा एका उन्हाळ्यात ती माझ्या हाताखाली शिकायला आली. मी सहसा कुणाला जीव लावत नाही, तो माझा स्वभाव नाही. तिला लावला होता.

“कोण म्हणतं खोटारडी?”

“तिचे सायेब. तिनं फुरशावरचं औषध बनवलं व्हतं ना, ते विष टोचलेल्या उंदरांना दिलं. उंदीर मेले सगळे. सायेब बोलले, फिरोजानं जमलं जमलं म्हनून सांगितलं, पन तिला जमलंच न्हवतं. तिचं नाव काढून टाकनार.”

मेलेल्या माणसाच्या गळ्यात घोंगडं अडकवणं सोपं असतं, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं.

“मी दर जुम्म्याला नमाज झाली का तिथं जातो,” यूनुसभाई सांगू लागले. “प्राप्ती हाय ना, फिरोजाची मैत्रीण, ती मला दुर्बिणीतून दाखवते. फिरोजाच्या पेशी. हिरव्यागार. जित्या. पोर जिती असताना तिनं एकदा दाखवल्या व्हत्या, तवा मला धड दिसलं पन न्हाय, डोळे बारीक करून बघायला लागलं. आता लख्ख दिसतात. मी बोललो, अल्लानं तिच्या कामात नूर घातला. आनि ते सगळं खोटं असंल, तर बाई, मी दर जुम्म्याला सलाम कोनाला करतो?”

मी चपला घातल्या.

२

कोर्लईच्या पुढे, रस्त्याच्या वरच्या अंगाला, पूर्वी मासळीचं शीतगृह होतं. तिथे आता ही प्रयोगशाळा आहे. दमट दिवशी भिंतींना अजून कोळंबीचा वास येतो. प्रमुख डॉ. धनेश ठाकूर, उरणचा मिठागरवाल्यांचा मुलगा, शिकून मोठा झालेला. आवाज मऊ, कपाळावर कायम आठी.

“मॅडम, तुम्हाला वाईट वाटणार, पण आकडे आकडे आहेत,” ते म्हणाले. “पेशी हिरव्या चमकतात. पहिली दोन प्रतिपिंडं बनतात. तिसरं औषधालाही नाही. आणि फिरोजाच्या अहवालात तिन्ही भरपूर! आता याचा अर्थ मी काय लावू?”

इथे थोडं समजावून सांगायला हवं. फुरशाच्या विषात एकच विखार नसतो. एक रक्त गोठू देत नाही, एक नसा फोडतो, एक मांस सडवतो. तिघांना अडवायला तीन वेगळी प्रतिपिंडं लागतात, आणि तिन्ही एकदम लागतात. ती वेगवेगळ्या पेशींमध्ये करून मग एकत्र करायची, तर खर्च तिप्पट आणि भानगडीही तिप्पट. म्हणून फिरोजाने तिन्ही जनुकं एकाच धाग्यात ओवून एकाच पेशीत घातली. पेशी तो धागा एका टोकाकडून वाचत जाते आणि वाचता वाचता प्रथिनाची साखळी विणते. दोन जनुकांच्या मध्ये एक छोटी खूण असते. तिथे साखळी तुटते आणि पुढचं प्रथिन वेगळं सुरू होतं. धाग्यात चौथं एक जनुक ओवतात, हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं. या लोकांच्या बोलीत त्याला दिवा म्हणतात. दिवा दिसला की काम चालू आहे असं समजायचं.

“दिवा धाग्यात कुठे होता?” मी विचारलं.

“शेवटी. फिरोजाचा हट्ट होता तो.”

मला तो हट्ट ठाऊक होता. तिने फोनवर तासभर डोकं खाल्लं होतं माझं. तिचा मामेभाऊ उझैर तेव्हा न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवायचा. ती म्हणायची, बाई, ट्रेलरचा मागचा लाल दिवा फाटकातून बाहेर आला म्हणजे अख्खा ट्रेलर बाहेर आला, मोजत बसायला नको.

“मग तुमचंच बोलणं तुम्ही ऐका, डॉक्टर. दिवा शेवटी. तो पेटला म्हणजे पेशी धागा शेवटपर्यंत वाचते आहे. तिसरं जनुक गळालं असतं, धागा मध्येच तुटला असता, तर दिव्यापर्यंत पोचली कशी ती?”

डॉ. ठाकुरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हे त्यांच्या आधीच लक्षात यायला हवं होतं. पण मुलगी खोटं बोलली हे मानणं त्यांना सोपं गेलं असावं.

“मला त्या पेशी दाखवा,” मी म्हटलं.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मी दचकलेच. अंधारात हिरव्या ठिपक्यांचा नुसता झगमगाट होता. आणि माझ्या कानात फिरोजा कुरकुरत होती. बाई, माझा दिवा इतका मंद आहे की बघणाऱ्याला वाटेल पेशींना झोप आली आहे. शेवटी बसणाऱ्याच्या पानात कमीच पडतं, काय करू?

“डॉक्टर, या फिरोजाच्या पेशी नाहीत,” मी म्हटलं. “कुणीतरी बदलल्या आहेत.”

३

बदलल्या, तर कुणी? आणि खऱ्या कुठे गेल्या?

डॉ. ठाकुरांनी लगेच एक नाव पुढे केलं. मितेशभाई शहा, अलिबागचे, या सगळ्याला पैसा लावणारे. “फिरोजा गेली त्याच आठवड्यात ते इथे आले होते. हातात बर्फाची पेटी होती. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.”

मितेशभाई बाहेरच भेटले, हिशेब मिटवायला आले होते. मी आडपडदा न ठेवता विचारलं. ते आधी लाल झाले, मग हसले, मग त्यांचे डोळेच भरून आले.

“बेन, आइस्क्रीम होतं त्यात. माझ्या नातवाचा बर्थडे होता, इथल्या सगळ्या लोकांसाठी घेऊन आलो. मला काय माहीत फिरोजा गेली ते! दरवाजात उभा राहिलो पेटी घेऊन, आणि प्राप्ती आली ती रडतच. शुं करूं? ती पेटी गाडीत तशीच वितळली.” त्यांनी रुमाल काढला. “आणि हे बघा, चोरी करून विकायचं असतं तर आज मी पैसा परत काढायला आलो असतो? माझा पैसा बुडला ना, बेन!”

माणूस व्यापारी होता, पण बोलणं खरं वाटलं. शिवाय एक गोष्ट अशी की त्या पेशी द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात, जिथली थंडी आपल्याला कल्पनेतही सोसणार नाही. नुसत्या बर्फाच्या पेटीतून नेल्या तर अलिबाग येण्याआधी त्यांचा चिखल होईल. चोराला पेशींमधलं काही कळत नसेल, तर बदली पेशी त्याने आणल्या कुठून? आणि कळत असेल, तर त्याने बर्फाची पेटी आणली नसती.

डॉ. ठाकूर स्वतः? किल्ल्या त्यांच्याकडे. पण पेशी वाढवायचं काम त्यांनी कित्येक वर्षांत हाताने केलं नव्हतं, आणि स्वतःचीच चाचणी बुडवून ते तोंडावर पडले होते.

राहिली प्राप्ती भगत. ती आत काचेमागे बाटल्यांना खाऊ घालत होती, म्हणजे पेशींचं पोषक द्रव्य बदलत होती. खांदे पडलेले, डोळ्यांखाली काळं. मी तिच्याकडे गेले नाही. त्याआधी मला उझैरला भेटायचं होतं, कारण या टाकीत नायट्रोजन भरायचा तोच.

४

उझैर रेवदंड्याच्या नाक्यावर पिकअप लावून वडापाव खात होता. मला बघून त्याने हात पुसले.

“मॅडम, मी दर हप्त्याला नायट्रोजन टाकायचो. ती टाकी बेकार आहे, जुनी, आतून हवा धरते, नायट्रोजन लवकर उडतो. फिरोजा लाकडी पट्टी बुडवून बघायची किती उरला, मग मला फोन मारायची. दुसरं कोन बघायचंच न्हाय. सगळ्यांना वाटायचं टाकी आपली आपन भरते.”

“आणि ती गेल्यावर?”

उझैरने वडापावचा कागद चुरगळला.

“फोन कोन करनार, मॅडम? त्या दिवशी मी तिचा जनाजा उचलत व्हतो.”

मग तोच पुढे बोलू लागला. ठाकूर साहेबांनी तिसऱ्या दिवसाची जियारत होईपर्यंत प्रयोगशाळेला कुलूप लावलं, फिरोजाचा मान म्हणून. तेवढ्यात गणपती आले. कोकणातली प्रयोगशाळा गणपतीत उघडी ठेवायची कुणाची छाती? सगळे आपापल्या गावी. गौरी गेल्या, मग कुलूप निघालं.

“तेव्हा तुला कुणी बोलावलं?”

“प्राप्ती मॅडमनं. बोलली, लगेच ये, आनि नेहमीसारखी एक टाकी नको, भरपूर आन. मी बोललो एवढा कशाला? बोलली, आन ना, उझैरभाई. मी आनला. मला आत घेतलंच न्हाय, दारातच उतरून घेतला.”

मी वडापावच्या गाडीवरच्या बाकड्यावर बसले. थंड टाकीत घालायला थोडा पुरतो. भरपूर लागतो तो कोरड्या आणि गरम टाकीत, कारण आधीचा सगळा ती टाकी थंड करण्यातच उडून जातो.

म्हणजे खऱ्या पेशी चोरल्या कुणीच नव्हत्या. फिरोजाला निरोप देताना सगळ्यांनी मिळून त्या मारल्या होत्या. आणि ते एका मुलीला ठाऊक होतं.

५

“प्राप्ती, मला एक जेल लावून दे,” मी दुसऱ्या दिवशी सकाळी म्हटलं. “साध्या फ्रीझरमध्ये फिरोजाच्या हातचा जुना अर्क आहे, तिच्या पेशींतली प्रथिनं. डॉक्टरांनी काढून दिला आहे. शेजारी आत्ताच्या पेशींतली प्रथिनं. मला दोन्हींमधला फक्त दिवा बघायचा आहे.”

तिने माझ्याकडे बघितलं. मी काय शोधते आहे हे तिला लगेच कळलं.

साखळी तुटते ना, तेव्हा आधीच्या प्रथिनाला त्या खुणेचं एक छोटंसं शेपूट चिकटून राहतं. पहिल्याला राहतं, दुसऱ्याला राहतं, तिसऱ्याला राहतं. शेवटच्याला मात्र नाही, त्याच्यापुढे तोडायला काही उरलेलंच नसतं. जेल म्हणजे खळीसारखा घट्ट थर. त्यातून विजेच्या ओढीने प्रथिनं पळवली की हलकं पुढे जातं, जड मागे रेंगाळतं. दिवा शेवटी ओवला असेल तर त्याला शेपूट नाही. आधी ओवला असेल तर आहे.

ती नाही म्हणू शकली असती. काहीतरी निमित्त सांगून जेल बिघडवूही शकली असती. तिने ते नीट ओतलं, नमुने भरले, वीज लावली, आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसली. आम्ही दोघी घड्याळाकडे बघत होतो. मग तिने पट्टे उजेडात धरले. फिरोजाचा दिवा पुढे गेला होता. आत्ताचा त्याच्या किंचित मागे.

“माझा आहे,” प्राप्ती म्हणाली. “आमच्या घरी कुठलंही काम सुरू करायचं तर आधी समई लावतात. मी धाग्यातही दिवा पहिला ओवला. फिरोजा हसायची मला. म्हणायची, अगं, तुझा दिवा लख्ख पेटेल, पण मागची मंडळी आली की नाही हे कळणार कसं? आणि तसंच झालं. माझ्या पेशींनी धाग्याचं शेवटचं टोक गाळून टाकलं. दिवा पेटतो, तिसरं प्रतिपिंड नाही. म्हणून त्या नको झाल्या, आम्ही त्या दुसऱ्या फ्रीझरमध्ये टाकून दिल्या. आणि त्याच वाचल्या, मॅडम.”

“टाकी उघडलीस तेव्हा?”

“कोमट होती. पेशींच्या कुप्या ओल्या होत्या. मी एकेक कुपी वाढवायला लावून बघितली. रोज सकाळी वाटायचं, एखादी तरी पेशी तळाला चिकटली असेल. एकही उठली नाही. त्याच शुक्रवारी चाचा आले. टोपी हातात घेऊन दारात उभे. म्हणाले, बेटी, फिरोजाच्या पेशी जित्या हायत ना? मला बघू दे. मी काय सांगणार होते, मॅडम? तिला पुरून त्यांना महिनासुद्धा झाला नव्हता.”

“आणि उंदरांच्या चाचणीला तुझ्या पेशी गेल्या.”

“मी पाठवल्या नाहीत! आईच्या ऑपरेशनसाठी पेणला गेले होते. परत आले तर सरांनी बाटल्या रवाना केल्या होत्या. फिरोजाचा मूळ धागा आहे अजून, मॅडम. तो नव्याने पेशींत घालायला मी घेतलाय. तिला तशी एक पेशी मिळायला शेकडो बघायला लागल्या. मला वाटलं होतं, मिळाली की गुपचूप अदलाबदल करीन, कुणाला कळणारही नाही.”

“फिरोजाला खोटारडी म्हणाले तेव्हा तरी तोंड उघडायचं होतंस.”

तिने हातमोजे काढले.

“रोज ठरवायचे, मॅडम. मग शुक्रवार यायचा.”

मला तिचा राग आला होता. तो कुठे गेला, कळलं नाही. माझ्या आयुष्यात मी चोर पकडले, विषप्रयोग करणारे पकडले, आणि पकडल्यावर जेवण गोड लागायचं. त्या दिवशी काही गोड लागलं नसतं.

“उद्या शुक्रवार आहे,” मी म्हटलं. “उद्या तू सांगायचंस. मी सांगणार नाही.”

६

यूनुसभाई नमाज आटोपून आले, धुतलेला कुर्ता घालून. डॉ. ठाकूर, मी, उझैर, सगळे हजर बघून ते दारातच थबकले.

प्राप्तीने सांगितलं. काही लपवलं नाही. टाकी, कुलूप, गणपती, ओल्या कुप्या, तिच्या स्वतःच्या पेशी. उझैरने मध्येच तोंड फिरवून भिंतीकडे केलं. म्हातारा ऐकत होता, मान हलवत होता. शेवटी त्याने एकच विचारलं.

“म्हंजे माझी पोर खरं बोलत व्हती?”

“हो, चाचा. तिच्या पेशी तिन्ही बनवायच्या. तिचं सगळं खरं होतं.”

“आनि त्या मेल्या.”

“हो.”

यूनुसभाईंनी डॉ. ठाकुरांकडे बघितलं. “सायेब, तुम्ही सगळ्यांना सांगितलंत ना, ती खोटी म्हनून? आता हे पन सांगा. माझ्यासमोर सांगा.”

डॉ. ठाकुरांनी फोन काढला, मितेशभाईंना लावला, आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. मी त्या माणसाला मनातून बरीच नावं ठेवली होती, पण त्या वेळी तो कचरला नाही.

“मितेशभाई, मी चूक बोललो होतो. फिरोजाचं काम बरोबर होतं. तिच्या पेशी आम्ही मारल्या, आमच्या हलगर्जीपणाने. टाकी बदला, असं ती मला दोनदा सांगून गेली होती. मी बदलली नाही. तिचं नाव राहील, पहिलं राहील, आणि हे मी चाचणी करणाऱ्यांनाही आजच कळवतो.”

पलीकडून मितेशभाई म्हणाले, “तिच्या पप्पाला सांगा, मी येतो भेटायला.” आणि फोन बंद झाला.

प्राप्ती पुढे झाली. तिला पाया पडायचं होतं का हात जोडायचे होते, तिचं तिलाही कळत नव्हतं. “चाचा, मी तुम्हाला फसवलं. दर शुक्रवारी.”

“व्हय, फसवलंस.” यूनुसभाई खुर्चीचा हात धरून सावकाश खाली बसले. “पोरी, तू खोटं दाखवलंस म्हनून मी येवढे महिने उभा व्हतो. घरी जायचो, रोटी खायचो, झोपायचो. बोलायचो, तिचं कायतरी जितं हाय. आता खरं सांगितलंस, बरं केलंस. आता मला रडू दे.”

आणि ते रडले, तोंडावर हात न घेता, लहान मुलासारखे मोठ्याने. प्राप्ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तीही रडली. डॉ. ठाकूर आणि मी तिथेच उभे होतो. उझैर बाहेर गेला आणि पाण्याची बाटली घेऊन आला, पण ती कुणाला द्यावी हे त्याला समजेना.